बिब्बा फोडणारे हात : एका औषधी वृक्षाचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, की मराठी माणूस म्हणतो, ‘त्याने बिब्बा घातला.’ दारावर किंवा वाहनाला टांगलेल्या लिंबू-मिरचीत हाच बिब्बा दृष्ट लागू नये म्हणून ओवलेला असतो. बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत त्याच फळातली गोडंबी असते. विघ्न, संरक्षण आणि पोषण ही तिन्ही कामे भाषेने आणि घराने एकाच फळाकडे सोपवली आहेत. या फळाचा लिखित इतिहास चरकसंहितेपासून बगदाद, गोवा, स्वीडन आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांपर्यंत पोहोचतो. तो जिथे पोहोचत नाही अशी एक जागा मात्र वाशिम जिल्ह्यात आहे. हा धागा त्या जागेपर्यंतचा.

२/
प्रथम वृक्षाची ओळख. बिब्बा हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष. पाने मोठी, रुंद, टोकाकडे गोलसर व फांद्यांच्या शेंड्यांशी दाटलेली. फुले पावसाळ्यात येतात, हिरवट-पिवळसर आणि सहज नजरेत न भरणारी. फळे हिवाळ्यात पिकतात. आंबा आणि काजू ज्या कुलात मोडतात त्याच आम्रकुलातला हा वृक्ष. कोरड्या पानझडी जंगलांत साग, धावडा, सालई, तेंदू, मोह यांच्या सोबतीने तो वाढतो. त्याच्या सालीतून झिरपणारा रस हवा लागताच काळा पडतो. जंगलात फिरणारी माणसे या झाडापासून थोडी दूरच राहतात.

३/
फळाची रचना समजली, तर पुढचा सारा इतिहास समजतो. देठाशी केशरी-तांबडा मांसल भाग असतो. तो वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुले म्हणतात. त्यावर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचे, हृदयाच्या आकाराचे, चकचकीत काळे कठीण फळ बसलेले असते. त्याच्या कवचात लहान लहान कप्पे असतात आणि त्यांत दाट, दाहक तेल साठलेले असते. कवचाच्या आत पांढरी, गोड, निरुपद्रवी बी असते, तीच गोडंबी. म्हणजे खाण्याजोगा भाग आत, आणि त्याच्या भोवती त्वचा भाजून काढणाऱ्या तेलाचा तट. गोडंबी हवी असेल, तर हा तट कोणाला तरी फोडावाच लागतो.

४/
वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. राजधानी गेली, जिल्हा गेला आणि परत आला. पण अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे आणि त्यांवरील पानझडी जंगल या सर्व काळात तिथेच राहिले. मालेगाव तालुक्याचा मेडशीकडचा भाग अशाच डोंगराळ पट्ट्यात येतो. बिब्बा हा या पट्ट्यातील जुना रहिवासी आहे.

५/
संस्कृतातील त्याची नावेच त्याचा स्वभाव सांगतात. भल्लातक हे सर्वांत प्रचलित नाव. दुसरे नाव अरुष्कर. ‘अरुस्’ म्हणजे व्रण, म्हणून अरुष्कर म्हणजे व्रण करणारा. तिसरे अग्निमुख, ज्याच्या मुखात अग्नी आहे असा. व्रण करणारे फळ व्रण बरे करण्यासाठी वापरायचे, हा विरोधाभास प्राचीन वैद्यांना पुरता ठाऊक होता. तो त्यांनी लपवला नाही. उलट, त्याच पायावर त्यांनी उपचाराची एक काटेकोर पद्धत उभी केली.

६/
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनांचा, म्हणजे आयुष्य, बल आणि बुद्धी वाढवणाऱ्या योगांचा आहे. त्यातील दुसऱ्या पादात भल्लातकाचे अनेक योग दिले आहेत : दुधाबरोबर, मधाबरोबर, तुपाबरोबर, तेलाच्या रूपात. चरकाचे मत स्पष्ट आहे. भल्लातक तीक्ष्ण आहे, अग्नीसारखे भाजणारे आहे, पण विधिपूर्वक वापरले तर अमृतासारखे ठरते. कफाचा असा रोग नाही आणि असा मलावरोध नाही, जो भल्लातक लवकर दूर करीत नाही, इतक्या ठामपणे तो हे फळ गौरवतो.

७/
‘विधिपूर्वक’ या शब्दाचा अर्थ मात्र फार कडक होता. फळे निर्दोष, रसाने भरलेली, पिकलेल्या जांभळासारखी दिसणारी निवडायची. ती जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायची. औषध घेण्यापूर्वी शीत, स्निग्ध, मधुर आहाराने शरीर तयार करायचे. मग दहा फळांपासून आरंभ. ती कुटून आठपट पाण्यात आटवायची आणि काढा दुधासह घ्यायचा. रोज एक फळ वाढवत तीसपर्यंत जायचे, त्यापुढे नाही. मग त्याच क्रमाने उतरायचे. एकूण प्रयोगाची कमाल मर्यादा एक हजार फळे. प्रयोग संपल्यावर त्याच्या दुप्पट काळ दुधाचा आहार.

८/
या विधीतील एक बारकावा फार बोलका आहे. काढा पिण्यापूर्वी रोग्याने तोंडाला आतून तूप माखून घ्यावे, असे चरक सांगतो. तुपाचा थर बसला, की दाहक रस जीभ, गाल आणि टाळू यांना थेट भिडत नाही. आधुनिक भाषेत हा संरक्षक लेप होय. दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या वैद्याने रोग्याच्या गालाच्या आतल्या बाजूचाही विचार केला होता. हे तूप लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यावे लागणार आहे.

९/
सुश्रुतसंहितेत अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, चिकित्सेत भल्लातकाचा विधी येतो. पुढील काळातील ग्रंथांनी शुद्धीकरणावर भर दिला. फळाचे देठाकडील टोक काढावे, फळे विटेच्या भुकटीबरोबर पिशवीत घालून घासावीत, म्हणजे भुकटी तेल शोषून घेते. मग ती गरम पाण्याने धुवावीत. संजीवनी वटीसारख्या परिचित औषधात भल्लातक आहे. अशुद्ध फळ पोटात घेणे मात्र धोक्याचे असते, आणि घरी पाहून-ऐकून करण्याचा हा प्रयोग नव्हे. प्राचीन वैद्यांनी इतकी पथ्ये लिहून ठेवली ती याच कारणाने.

१०/
भल्लातकाची कीर्ती समुद्र ओलांडून पश्चिमेला गेली. ‘भल्लातक’ या शब्दाचे अरबीत ‘बलाधुर’ झाले. इ. स. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बान अल्-तबरी याने ‘फिरदौस अल्-हिकमा’ हा वैद्यकग्रंथ पुरा केला. त्यात भारतीय वैद्यकाचा स्वतंत्र परिचय आहे. इब्न सीनाच्या वैद्यकातही बलाधुर आहे. अरबी वैद्यकाने या फळाचा एक गुण विशेष उचलला, तो म्हणजे स्मरणशक्ती वाढवण्याचा. पाठांतर ज्यांचे भांडवल, अशा विद्वानांच्या जगात विसरण्यावरील औषधाला मागणी असणे स्वाभाविक होते. कैरवानच्या इब्न अल्-जज्जार या वैद्याने तर विस्मरण या विषयावरच एक पुस्तिका लिहिली.

११/
या मागणीची किंमत एका इतिहासकाराच्या नावात गोठली आहे. अहमद इब्न याह्या अल्-बलाधुरी हा नवव्या शतकातील बगदादचा मोठा इतिहासकार. त्याचा मृत्यू इ. स. ८९२ च्या सुमाराचा. बलाधुर प्रमाणाबाहेर घेतल्याने त्याच्या बुद्धीवर परिणाम झाला आणि त्यातच तो गेला, म्हणून ‘बलाधुरी’ हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. हे औषध त्याने नव्हे, तर त्याच्या आजोबांनी घेतले असावे, अशी शंका जुन्या चरित्रकारांनीही घेतली आहे. अरब आरमाराने ठाण्यावर केलेल्या प्रारंभीच्या स्वारीची नोंद ज्या ‘फुतूह अल्-बुलदान’ या ग्रंथात सापडते, तो याच बलाधुरीचा. कोकण किनाऱ्याच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन अशा रीतीने बिब्ब्याचे नाव धारण करून बसले आहे.

१२/
अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तसे हे फळ युरोपच्या औषधालयांत पोहोचले. तेथे त्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. फळाचा आकार हृदयासारखा म्हणून हे नाव. त्याच्यापासून केलेल्या एका पाकाला ‘शहाण्यांचा पाक’ असे नाव मिळाले, कारण तो स्मृती तीक्ष्ण करतो असा समज होता. परिणाम पाहिल्यावर काही वैद्यांनी त्याच पाकाला ‘मूर्खांचा पाक’ म्हणून हिणवले. चरकाचे औषध तेथे गेले. चरकाची पथ्ये, चढ-उताराचा क्रम आणि दुधा-तुपाचा आहार बहुधा वाटेतच राहिले.

१३/
सोळाव्या शतकात एक युरोपीय वैद्य या झाडाच्या प्रदेशातच येऊन राहिला. गार्सिया द ओर्टा १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचा संवादरूप औषधी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील पाचवा संवाद याच फळावर आहे. अरब त्याला ‘बलादोर’ म्हणतात, पोर्तुगीज ‘मलाक्क्याची शेंग’ म्हणतात आणि या देशीचे लोक ‘बिबो’ म्हणतात, असे तो नोंदवतो. कोकणीत आजही हे फळ ‘बिबो’च आहे. कोवळी फळे मिठात मुरवून खातात, हेही त्याने लिहिले. ग्रंथांतून ग्रंथांत फिरत आलेल्या या फळाला येथे प्रथमच स्थानिक बोलीतील नाव आणि स्वयंपाकघर मिळालेले दिसते.

१४/
त्याच काळात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून एक नवे झाड पश्चिम किनाऱ्यावर आणले. त्याचेही कठीण फळ मांसल बोंडाला लटकलेले, त्याच्याही कवचात दाहक तेल आणि आत गोड बी. ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतील त्याचे नाव पोर्तुगीजमार्गे मराठीत ‘काजू’ झाले. १७५३ मध्ये लिनियसने काजूला ‘अनाकार्डियम’ हे प्रजातीनाम दिले. शतकानुशतके बिब्ब्याचे असलेले नाव अशा रीतीने परदेशी चुलतभावाकडे गेले. बाजारातील प्रतिष्ठाही पुढे त्याच्याकडेच गेली. काजू मेजवानीत आला, गोडंबी बाळंतिणीच्या डब्यात राहिली.

१५/
मूळ मालकाला नवे नाव शोधणे भाग होते. लिनियसच्या मुलाने १७८२ मध्ये बिब्ब्याला ‘सेमेकार्पस अनाकार्डियम’ असे द्विनाम दिले. जुने नाव आता आडनावासारखे मागे उरले. ‘सेमेकार्पस’चा अर्थ खुणेचे फळ. ही खूण कशाची, तर कपड्यावरची. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर कापडाला लावला, की काळा डाग पडतो आणि तो धुतल्याने जात नाही. धोबी याच रसाने गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करीत. शास्त्रज्ञाने झाडाला नाव दिले ते वैद्याच्या वापरावरून नव्हे, धोब्याच्या वापरावरून.

१६/
ही खूण दुसऱ्या महायुद्धात वैद्यकीय नियतकालिकात पोहोचली. भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर खाज सुटून फोड येऊ लागले. कॉलरच्या आणि कमरपट्ट्याच्या आत जेथे धोब्याची खूण होती, नेमक्या त्याच जागी. १९४३ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या ‘धोबी-खूण त्वचादाहा’वर लेख आला. कापड धुऊन वाळले, इस्त्री झाली, तरी त्या काळ्या ठिपक्यात उरलेला अंश त्वचा पेटवण्यास पुरेसा होता. एका ठिपक्याची ही करामत असेल, तर शेकडो फळे फोडणाऱ्या हातांचे काय होत असेल, हा प्रश्न त्या लेखाच्या कक्षेत येत नव्हता.

१७/
दाहाचे रासायनिक कारण तोवर हाती येऊ लागले होते. १९३१ मध्ये पी. पी. पिल्लै आणि सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी बिब्ब्याच्या रसाचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले. दाहक घटक ‘भिलावनॉल’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील विषारी आयव्ही वेलीत असणाऱ्या द्रव्याचा तो जवळचा नातलग. त्वचेत शिरून तो शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरवतो. म्हणून दाह कित्येकदा लगेच न दिसता काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतो आणि स्पर्श न झालेल्या भागावरही पसरू शकतो. मराठीत यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे : बिब्बा ‘उततो’.

१८/
भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतही बिब्ब्याला जागा आहे. मारहाण झाल्याचा खोटा पुरावा उभा करण्यासाठी अंगाला बिब्बा लावून काळेनिळे व्रण उठवण्याची युक्ती जुनी होती. त्यामुळे खरा मुकामार आणि बिब्ब्याचा डाग यांतील फरक डॉक्टरांना शिकवला जातो. बिब्ब्याचा डाग गडद, कडेला बारीक फोड असलेला, खाजणारा. आणि खाजवणाऱ्या बोटांवरही त्याच खुणा. न्यायालयाने बिब्ब्याने डागाळलेली बोटे अशी बारकाईने पाहिली, ती लबाडी उघडकीस आणण्यासाठी. श्रमाने डागाळलेली बोटे पाहण्याचे प्रयोजन कोणत्याच कचेरीला पडले नाही.

१९/
ग्रंथांच्या बाहेर, खेड्यात, बिब्बा हा घरचा वैद्य होता. काटा रुतला, तर बिब्बा दिव्यावर धरून त्या जागी चटका. टाचांना भेगा पडल्या, तर त्याचे तेल. लहान मुलाच्या अंगावर दृष्टीसाठी बिब्बा. हे सारे ज्ञान तोंडी होते आणि बहुतांशी घरातील स्त्रियांकडे होते. किती गरम करायचा, कोठे लावायचा, कोणाला ‘मानवत नाही’, हे आजी सुनेला सांगत असे. चरकाच्या चढ-उताराच्या क्रमाइतकेच तेही अनुभवसिद्ध होते. फरक एवढाच, की ते लिहिले गेले नाही.

२०/
आता वाशिम. मालेगाव तालुक्यातल्या मेडशीसारख्या गावांत बिब्बे फोडून गोडंबी काढणे हा हंगामी रोजगार आहे, आणि तो मुख्यतः स्त्रिया करतात. वाळलेले बिब्बे समोर घेऊन अंगणात किंवा ओसरीवर बसायचे. एका हाताने बिब्बा दगडावर उभा धरायचा, दुसऱ्या हाताने घाव घालायचा. घाव हलका बसला तर कवच उकलत नाही, जोराचा बसला तर आतल्या बीचा चुरा होतो आणि तिचा भाव जातो. प्रत्येक घावाबरोबर तेलाचे शिंतोडे उडतात. मोबदला निघालेल्या गोडंबीच्या वजनावर. एक किलो गोडंबी भरायला असे किती घाव लागत असतील, याची कल्पना फळाच्या आकारावरून यावी.

२१/
परिणाम हातांवर लिहिलेला असतो. बोटांची कातडी काळी पडते, जाड होते, सोलून निघते. मनगटावर आणि चेहऱ्यावर शिंतोड्यांचे डाग राहतात. बिब्बा उतला, की सूज आणि आग दिवसेंदिवस राहते. काळे हात घेऊन लग्नाकार्यात जायचे, त्याच हातांनी भाकरी थापायची, मूल उचलायचे. संरक्षणाची साधने घरचीच : हाताला राख किंवा माती चोळणे, काम संपल्यावर खोबरेल तेल लावणे. हातमोजे घातले तर बिब्बा बोटांत नीट धरता येत नाही, आणि धरता आला नाही तर पुढचा घाव बोटावर बसतो. बिब्ब्याचे काम सोडावे, तर शेतीची कामे नसलेल्या दिवसांत दुसरे काम जवळ नसते.

२२/
येथून पुन्हा चरकाकडे वळावे. भल्लातकाचा रस काढण्याची कृती त्याने तपशीलवार दिली आहे. तूप-तेल मुरलेले मजबूत मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, त्यावर फळांनी भरलेले दुसरे पात्र ठेवायचे, सांधे काळ्या मातीने लिंपायचे आणि गोवऱ्यांचा जाळ करायचा. रस खालच्या मडक्यात ठिबकतो. वरच्या पात्रात फळे घालायची ती ‘जर्जरीकृत’, म्हणजे कुटून खिळखिळी केलेली. व्याकरणाने हे कर्मणि विशेषण आहे. फळे कुटलेली आहेत. कोणी कुटली, हे वाक्याला सांगावे लागत नाही. भल्लातकाच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव या एका शब्दात सामावली आहे.

२३/
रोग्याच्या तोंडाला तूप आहे. मडक्यालाही तेलाचे अस्तर आहे. फळे कुटणाऱ्या हाताला काय लावायचे, हे या विधीत येत नाही. ग्रंथ रोग्यासाठी आणि वैद्यासाठी लिहिला होता, कुटणारा त्याचा वाचक नव्हता. बगदादच्या विद्वानांनी स्मरणशक्तीची चर्चा केली, गोव्याच्या वैद्याने नावे नोंदवली, उप्सालाच्या शास्त्रज्ञाने कुल-प्रजाती ठरवली, युद्धकाळातील डॉक्टरांनी सैनिकांच्या माना तपासल्या. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या देहाची नोंद केली. त्या सर्वांच्या हाती येण्यापूर्वी फळ ज्या हातांतून गेले, ते हात त्यांच्यासमोर कधी आलेच नाहीत.

२४/
आधुनिक कायद्यानेही हीच रीत चालवली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. वत्सनाभ आणि धोतऱ्यासोबत भल्लातकही तिथे आहे. असे द्रव्य असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. सूचना योग्यच आहे. ती घेणाऱ्यासाठी आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घेतला. पण अंगण म्हणजे कारखाना नव्हे, आणि ओसरीवर बसलेली स्त्री त्या कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हती.

२५/
दराचा हिशेबही पाहावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलवासीयांचा हक्क मान्य केला. केंद्र शासन अशा वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करते. मे २०२० च्या सुधारणेत बिब्ब्याची किंमत किलोला ८ रुपयांवरून ९ रुपये झाली. त्याच यादीत चिंच ३६ रुपये, मध २२५ रुपये आणि गुग्गुळ ८१२ रुपये आहे. फोडून काढलेली गोडंबी मात्र सुक्या मेव्याच्या दुकानात किलोला काही शे रुपयांनी विकली जाते. ९ रुपयांचे फळ आणि शेकड्यांतली बी, या दोहोंमध्ये मुख्यतः एकच गोष्ट घडते : कोणीतरी कवच फोडते.

२६/
दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला ठाऊक होते, की दाहक रस आणि कातडी यांच्यामध्ये स्निग्ध थर हवा. वाशिमच्या अंगणात बसलेल्या बाईलाही ते ठाऊक आहे. तिची राख आणि तिचे खोबरेल हे त्याच ज्ञानाचे रूप आहे. चरकाचे तूप ग्रंथात आले, म्हणून ते वैद्यकाचा इतिहास ठरले. तिची राख ग्रंथात आली नाही, म्हणून ती केवळ गरिबी ठरली. भल्लातकाला अमृताची उपमा देणाऱ्या परंपरेचा अभिमान बाळगायचा, तर तो अभिमान गोडंबी फोडणाऱ्या हातांपर्यंत न्यावा लागेल : कवच फोडणारे साधे यंत्र, हातांवर उपचार, आणि घावाच्या प्रमाणात दाम. ‘जर्जरीकृत’ या शब्दाचा कर्ता कोण, याचे उत्तर आज तरी देता येते. बहुतेक वेळा ती कर्ती असते.

धागा समाप्त.